फॉरमॅट मारण्याआधी निळा पडदा वाचा

शिरपूरच्या बाजारपेठेत असो की धुळे-जळगावच्या, संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारून देतो.’ गिऱ्हाईक घाईत असते. प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात, दुकानाचा हिशेब अडलेला असतो, मुलाचा प्रकल्प उद्या दाखवायचा असतो. दोन-तीन तासांत संगणक कोरा करकरीत होऊन परत मिळतो. मग आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि एका दुपारी तोच निळा पडदा पुन्हा समोर उभा राहतो. या वेळी मात्र जुन्या फाइलीही नसतात आणि पहिल्या वेळी नेमके काय बिघडले होते हे सांगणारा पुरावाही नसतो. पंचनामा करण्याआधीच घटनास्थळ धुऊन टाकलेले असते.

निळा पडदा हा आजार नाही. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, बंद पडण्यापूर्वी दिलेला तो जबाब आहे. तो अर्धवट असतो, अवघड भाषेत असतो, कधी कधी दिशाभूल करणाराही असतो. पण तो असतो, आणि बहुतेक वेळा त्याची सविस्तर प्रत डिस्कवर लिहून ठेवलेली असते. ती कुठे असते आणि कशी वाचायची हे थोडेफार कळले, तरी फॉरमॅटची निम्म्याहून अधिक प्रकरणे वेगळ्या वाटेने सुटतील.

टरफल आणि दाणा

खानदेशात भुईमुगाची शेंग फोडलेल्या कुणालाही ही रचना समजायला वेळ लागणार नाही. संगणकशास्त्रात वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या बाहेरच्या आवरणाला ‘शेल’ म्हणतात, म्हणजे टरफल. आणि आतल्या गाभ्याला ‘कर्नेल’, म्हणजे दाणा. (सैन्यातल्या कर्नलशी त्याचे नाते उच्चारापुरतेच.) कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरचा वेळ कुणाला किती वाटायचा, डिस्कवर कुठे काय लिहायचे, कीबोर्डवरचे बटण कुणापर्यंत पोहोचवायचे, हा सगळा कारभार कर्नेल पाहतो.

या कारभाराला प्रोसेसरच्या पातळीवरच संरक्षण असते. प्रोसेसर दोन प्रकारच्या अधिकारांनी काम करतो. टॅली, ब्राउझर, वर्ड हे कमी अधिकाराच्या बाजूला. त्यांच्यापैकी कुणी दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला, तर प्रोसेसर तिथल्या तिथे अडवतो आणि कर्नेलला कळवतो. कर्नेल तेवढाच प्रोग्रॅम बंद करतो. ‘टॅलीने काम करणे थांबवले आहे’ अशी पाटी येते आणि बाकी संगणक चालू राहतो. मात्र अशी चूक खुद्द कर्नेलमध्ये झाली, तर अडवणारा वर कुणी उरत नाही. शिवाय कर्नेलच्या अधिकाराने चालणारे सगळेच काही मायक्रोसॉफ्टने लिहिलेले नसते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, वायफायचा ड्रायव्हर, अनेक अँटिव्हायरसचा काही भाग हे बाहेरच्या कंपन्यांचे पाहुणे त्याच माजघरात वावरत असतात. विंडोजच्या निळ्या पडद्यांचा मोठा वाटा याच पाहुण्यांकडे जातो.

मग प्रश्न असा, की चूक लक्षात आल्यावर कर्नेल ती दुरुस्त करून पुढे का जात नाही? सगळेच बंद का करतो?

कारण चूक किती खोल गेली आहे, हे त्याला त्या क्षणी कळू शकत नाही. कर्नेलच्या स्वतःच्या नोंदवह्यांत, म्हणजे कोणत्या फाइलीचा कोणता तुकडा डिस्कवर कुठे आहे यांसारख्या याद्यांत, कचरा शिरला असेल आणि तरीही तो काम करत राहिला, तर पुढच्या काही सेकंदांत तो कचरा डिस्कवर लिहिला जाऊ शकतो. न वाचवलेले दहा मिनिटांचे काम गमावणे परवडते; दहा वर्षांच्या फाइलींची नासाडी परवडत नाही. म्हणून कर्नेल जाणूनबुजून थांबतो. विंडोजच्या भाषेत याला ‘बग चेक’ म्हणतात, लिनक्स आणि युनिक्सच्या भाषेत ‘पॅनिक’.

पॅनिक या शब्दामागे एक किस्सा आहे. युनिक्सच्या आधी मल्टिक्स नावाची मोठी आणि महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यावर काम करणारे टॉम व्हॅन व्हलेक यांनी एकदा युनिक्सचे सहनिर्माते डेनिस रिची यांना सांगितले, की आपण लिहीत असलेला निम्मा कोड चुका झाल्यावर सावरण्यासाठीच असतो. रिचींचे उत्तर असे, की आम्ही ते सगळे वगळलेच; चूक झाली की पॅनिक नावाचे एक फंक्शन चालते, यंत्र बंद पडते आणि व्हरांड्यात ओरडून कुणाला तरी ते पुन्हा सुरू करायला सांगायचे. त्या काळी हे चालून जात होते, कारण यंत्र एक होते आणि व्हरांडाही एकच. लिनक्सने पुढे मधली पायरीही काढली. चूक मर्यादित वाटली तर कर्नेल ‘ऊप्स’ अशी नोंद करतो, दोषी प्रक्रिया मारतो आणि लंगडत का होईना पुढे चालतो. चूक गाभ्यालाच भिडलेली असेल तर पॅनिक.

१९ जुलै २०२४ : सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे

व्हरांड्यात ओरडण्याची सोय नसली की काय होते, ते जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, ती मागेही घेतली. तेवढ्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. विंडोज वापरणाऱ्या एकूण यंत्रांच्या तुलनेत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी, पण ही यंत्रे विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत आणि वाहिन्यांच्या स्टुडिओत होती.

आपल्याकडे कामाचा दिवस नुकता सुरू होत होता. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा विमानतळांवर चेक-इनची यंत्रणा कोलमडली. कर्मचारी बोर्डिंग पास हाताने लिहून देऊ लागले. हैदराबादच्या एका प्रवाशाला मिळालेल्या अशा पासाचे छायाचित्र जगभर फिरले. एकट्या इंडिगोने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. विमानतळांवरची यंत्रणा २० तारखेच्या पहाटेपासून पूर्ववत होऊ लागल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार देशातल्या केवळ १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला, कारण बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा या सॉफ्टवेअरवर नव्हत्या. शिरपूरसारख्या गावातल्या घरगुती संगणकांना तर धक्काही लागला नाही. फाल्कन हे मोठ्या संस्थांना विकले जाणारे उत्पादन आहे.

रुग्णालयांची गोष्ट अधिक गंभीर होती. ब्रिटनमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. अमेरिकेतल्या मास जनरल ब्रिगॅम या रुग्णालय समूहाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया आणि भेटी त्या दिवशी रद्द केल्या. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन विद्यापीठ रुग्णालयानेही पूर्वनियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. कुणाच्या संगणकात विषाणू शिरलेला नव्हता, कुणी हल्ला केलेला नव्हता. विषाणूपासून वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरनेच कर्नेल पाडला होता.

झाले असे. फाल्कनचा एक भाग कर्नेलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतो. धोक्याची लक्षणे ओळखण्याचे नियम त्याला वेळोवेळी छोट्या फाइलींमधून पाठवले जातात. यातल्या एका प्रकारच्या नियमाच्या नमुन्यात २१ रकाने ठरवले होते, पण ड्रायव्हरला प्रत्यक्षात २० रकान्यांचीच माहिती पुरवली जात होती. फेब्रुवारी २०२४ पासून ही विसंगती आत होती, तरी कुणाच्या लक्षात आली नाही. कारण तोवरच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असेच लिहिलेले असे आणि तो वाचण्याची वेळच येत नसे. १९ जुलैच्या फाइलीने पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यात नेमकी अट घातली. ड्रायव्हर एकविसावी नोंद वाचायला गेला. ती नव्हतीच. यादीच्या पलीकडे मेमरीत जे काही पडले होते तेच त्याने पत्ता समजून उचलले, त्या पत्त्यावर गेला आणि कर्नेल थांबला. बाजार समितीच्या कारकुनाने २० रकान्यांच्या पावतीवर एकविसावा रकाना शोधत शेजारच्या माणसाची वही ओढावी, तसा प्रकार.

एवढ्यावर भागले असते. पण हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढणाऱ्यांपैकी होता. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरने सगळ्यांच्या आधी जागे व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. त्यामुळे संगणक सुरू होई, ड्रायव्हर चढे, तीच फाइल वाची आणि पुन्हा पडे. दुरुस्त फाइल इंटरनेटवरून येण्याइतकाही वेळ मिळत नव्हता. उपाय कागदावर सोपा होता : सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. पण तो प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हाताने करायचा होता. त्यात ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, त्यांना आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकावी लागत होती. आणि काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच सर्व्हर निळा पडलेला. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीला पूर्ववत व्हायला पाच दिवस लागले आणि तिची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली.

निदानाच्या दृष्टीने त्या दिवसाचा आणखी एक भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या काही तासांत समाजमाध्यमांवर अनेकांनी ठाम निष्कर्ष काढले. काहींच्या मते त्या फाइलीत नुसती शून्ये भरलेली होती आणि तेच कारण होते. काहींनी पडद्याच्या एका छायाचित्रावरून चुकीचा कोडही ‘ओळखला’. फाइलीतल्या शून्यांचा घटनेशी संबंध नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले आणि ६ ऑगस्टला मूळ कारणाचा सविस्तर अहवाल दिला, तेव्हा २० आणि २१ चा घोळ पुढे आला. डॉक्टरने ताप पाहून मलेरिया म्हणावे आणि रक्त तपासल्यावर दुसरेच काही निघावे, त्यातलाच हा प्रकार.

ज्या यंत्रापाशी कुणी जाऊच शकत नाही, त्याचे काय? जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले ‘पाथफाइंडर’ यान काही दिवसांतच आपोआप रीसेट होऊ लागले. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम वाया जाई. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांकडे यानाची हुबेहूब प्रतिकृती पृथ्वीवर होती, आणि तपासणीसाठी नोंदी ठेवणारी सोय त्यांनी सॉफ्टवेअरमधून काढून टाकलेली नव्हती. प्रतिकृतीवर तासन्‌तास तीच कामे चालवून त्यांनी बिघाड पुन्हा घडवून आणला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम एक कुलूप धरून बसे; मध्यम महत्त्वाचे काम त्याला बाजूला सारून प्रोसेसर व्यापे; आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपाची वाट पाहत ताटकळे. ते वेळेत झाले नाही, की पहारेकरी घड्याळ यान रीसेट करी. एक सेटिंग बदलून ही अडचण सुटली आणि तो बदल कोट्यवधी किलोमीटरवर पाठवला गेला. नोंदी नसत्या, तर अंदाज बांधत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुरावा कुठे असतो

आपल्या टेबलावरच्या संगणकातही अशा नोंदी असतात. विंडोजचा कर्नेल थांबताना पडद्यावर एक ‘स्टॉप कोड’ लिहितो आणि त्या क्षणाच्या मेमरीची प्रत काढतो. हिला ‘क्रॅश डम्प’ म्हणतात. ती कशी लिहितो, यात मोठी सावधगिरी आहे. या घडीला फाइलींच्या व्यवस्थेवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून कर्नेल नवी फाइल तयार करत नाही. आधीपासून राखून ठेवलेल्या पेजफाइलच्या जागेत तो मजकूर थेट ओततो आणि पुढच्या वेळी संगणक नीट सुरू झाल्यावर तिथून उचलून वेगळी फाइल करतो. छोटी प्रत विंडोजच्या फोल्डरातल्या ‘मिनीडम्प’ फोल्डरात मिळते; मोठी प्रत ‘मेमरी डॉट डीएमपी’ या नावाने त्याच विंडोज फोल्डरात.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. जागा वाचवण्यासाठी कुणी पेजफाइल बंद करून ठेवली असेल किंवा सी ड्राइव्ह गच्च भरला असेल, तर बहुधा जबाब लिहिलाच जाणार नाही. आणि ‘संगणक हलका करणारे’ क्लीनर प्रोग्रॅम सर्वप्रथम ज्या फाइली पुसतात, त्यांत या डम्प फाइली असतात. निळा पडदा येणाऱ्या संगणकावर क्लीनर चालवणे म्हणजे एक्स-रे काढून तो न पाहताच फाडणे.

डम्प वाचायला मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे साधन फुकट मिळते. फाइल उघडून विश्लेषणाची एकच आज्ञा दिली, की ते स्टॉप कोड, त्या क्षणी चालू असलेली कामे आणि संशयित ड्रायव्हरचे नाव सांगते. नीरसॉफ्टचे ब्लूस्क्रीनव्ह्यू हे त्याहून सोपे. ते सगळे मिनीडम्प तारखांसह एका यादीत मांडते. नवशिक्याला खरा उपयोग या यादीचाच होतो. पाच डम्पांपैकी पाचांत तोच कोड आणि तोच ड्रायव्हर दिसला, तर सॉफ्टवेअरकडे बोट दाखवता येते : तो ड्रायव्हर काढा, जुनी किंवा नवी आवृत्ती घाला. पाच डम्पांत पाच वेगवेगळे कोड आणि पाच वेगवेगळी नावे असतील, तर दोष बहुधा यंत्रातच आहे, आणि पहिला संशय रॅमवर घ्यावा.

पण नाव छापले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. डम्पात दिसतो तो पडलेला माणूस; ढकलणारा आधीच निघून गेलेला असू शकतो. एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या मेमरीत चुकून लिहिले आणि दहा मिनिटांनी तो दुसरा ती वाचायला जाऊन पडला, तर पडद्यावर नाव दुसऱ्याचेच येते. कित्येकदा तर विंडोजच्या स्वतःच्या कर्नेल फाइलीचे नाव येते आणि लोक समजतात, विंडोजच खराब. अशा लपलेल्या दोषींना रंगेहाथ पकडण्यासाठी विंडोजमध्ये ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ असतो. तो ड्रायव्हरांवर कडक पहारा बसवतो आणि चूक होताच तिथल्या तिथे कर्नेल थांबवतो. मात्र सेफ मोडमधून तो बंद करता येत नसेल, तर घरच्या एकुलत्या एक संगणकावर हा प्रयोग करू नये.

शिरपूरकरांना थरांची ही भाषा तशी नवी नाही. पाणी का मुरत नाही, याचे उत्तर जमिनीच्या पृष्ठभागावर नसून खालच्या पिवळ्या मातीच्या चिकट थरात आहे, हे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी ‘शिरपूर पॅटर्न’मधून याच तालुक्यात दाखवून दिले. नाले खोल-रुंद करण्याआधी थर समजून घेतले गेले.

ऊन, धूळ आणि वीज

खानदेशातला संगणक पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीतल्या संगणकापेक्षा वेगळे आयुष्य जगतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, हवेत धूळ असते, कापसाच्या हंगामात बारीक तंतू असतात. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागले नाही तर यंत्र एकदम बंद करतो. इथे एक फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. निळा पडदा न येता संगणक झटकन काळा होत असेल, तर कर्नेलला जबाब द्यायला वेळच मिळालेला नाही. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नेल-पॉवर ४१’ एवढीच नोंद सापडते. तिचा अर्थ ‘मी नीट बंद झालो नव्हतो’ इतकाच. तेव्हा ड्रायव्हर शोधत बसू नये; पंखा, पॉवर सप्लाय, यूपीएसची बॅटरी आणि घरातला अर्थिंगचा पॉइंट पाहावा.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याच्या दुकानदारांच्या युक्तीला अनेकजण हसतात. ती अगदीच निराधार नाही; धूळ आणि दमटपणाने संपर्क बिघडतो आणि रॅम पुन्हा नीट बसवल्याने तो सुधारतोही. फक्त तेवढ्यावर निदान संपवू नये. विंडोजमधली मेमरी तपासणी किंवा पेनड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट ८६ रात्रभर लावून ठेवावे. एकही चूक निघाली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. रॅमची एखादी पेशी अधूनमधून एकाचे शून्य करत असेल, तर फॉरमॅट कितीही वेळा मारला तरी ती पेशी तशीच राहते. उलट नव्याने घातलेल्या विंडोजच्या फाइलीही त्याच खराब रॅममधून डिस्कवर जातात.

निळा पडदा आला की पहिले काम मोबाइलने त्याचे छायाचित्र काढण्याचे. पडदा दिसायच्या आत संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर सिस्टिमच्या सेटिंगमधला ‘आपोआप रीस्टार्ट’ हा पर्याय बंद करावा. त्यानंतर घरातल्यांना विचारावे, की आठवड्याभरात नवे काय झाले : नवी रॅम, नवा वायफाय डोंगल, दुसरा अँटिव्हायरस, चोरीचा गेम, विंडोजचा अपडेट. डॉक्टर रोग्याचा इतिहास विचारतो, तोच हा भाग, आणि निम्मे निदान इथेच होते. संगणक सुरूच होत नसेल, तर लागोपाठ अपयशी प्रयत्नांनंतर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथून सेफ मोड, शेवटचा अपडेट काढणे किंवा आधीच्या स्थितीत परतणे हे मार्ग मिळतात. डिस्कवर संशय असेल, म्हणजे फाइली उघडायला फार वेळ लागत असेल किंवा टकटक आवाज येत असेल, तर डिस्क दुरुस्त करणाऱ्या आज्ञा चालवू नयेत. मरणाऱ्या डिस्कला त्या जास्त पळवतात. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात. आणि हे सगळे घडण्यापूर्वी, आज संगणक चालू असतानाच, आपल्या लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद आहे का आणि असल्यास तिची रिकव्हरी की कुठे आहे, हे पाहून ती कागदावर लिहून ठेवावी. नव्या लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत चालू झालेले असते. ती की हरवली, तर फाइली जागेवर असूनही कायमच्या गेल्या.

दुसरा कर्नेल

बँकांचे, रेल्वेचे, मोबाइल कंपन्यांचे सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर चालतात. तिथे जबाब नोंदवण्याची पद्धत आणखी मजेदार आहे. पडलेल्या कर्नेलवर स्वतःचाच पंचनामा करण्याची जबाबदारी टाकायची कशी? २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत ‘केडम्प’ ही सोय आली आणि तिच्या उभारणीत आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लिथीर्थ यांनी एरिक बिडरमन यांच्यासह त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत तिच्यावर निबंध मांडला. कल्पना अशी : संगणक सुरू होतानाच मेमरीचा एक कोपरा राखून ठेवायचा आणि तिथे दुसरा, छोटा कर्नेल झोपवून ठेवायचा. पहिला पडला, की यंत्र बंद न करता थेट दुसऱ्याला जागे करायचे. तो आपल्या कोपऱ्यात उभा राहून पहिल्याची संपूर्ण मेमरी जशीच्या तशी उतरवून घेतो आणि मग यंत्र रीस्टार्ट करतो. पहिल्याच्या हाताला काहीही लागलेले असो, दुसऱ्याचे हात स्वच्छ असतात.

हे शिकण्यासाठी महागडा सर्व्हर लागत नाही. शिरपूरमध्ये अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय अभ्यासक्रमात असतोच. तो बहुधा व्याख्या आणि आकृत्यांतच संपतो. साध्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स घालून, केडम्प चालू करून, ‘सिसआरक्यू’च्या एका आज्ञेने कर्नेल मुद्दाम पाडता येतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘नॉटमायफॉल्ट’ नावाचे साधन आहे, तेही हेच करते. खऱ्या संगणकाला ओरखडा येत नाही आणि वाचायला खराखुरा डम्प मिळतो. कॉल ट्रेस नावाची ओळींची उतरंड खालून वर वाचत गेले, की कोणी कोणाला हाक मारली आणि शेवटची हाक कुठे अडली हे दिसू लागते. पहिल्या दिवशी ते अक्षरशः मोडी वाटते. पंधराव्या डम्पला त्यातली नावे ओळखीची होतात.

दरम्यान, मायक्रोसॉफ्टने १९ जुलैचा धडा आपल्या परीने घेतला आहे. अँटिव्हायरस कंपन्यांना कर्नेलच्या बाहेर राहून काम करता यावे, अशी रचना ती उभी करत आहे. ॲपलने आपल्या मॅकवर तो रस्ता काही वर्षे आधीच धरला. सुरूच न होणाऱ्या यंत्राला दुरुस्तीच्या पडद्यातूनच इंटरनेटवरून उपाय मिळावा, अशी सोयही विंडोज ११ मध्ये आली आहे. आणि अनेक वर्षांचा निळा पडदा २०२५ पासून तिथे काळा झाला. पूर्वीचा रडवेला चेहरा आणि क्यूआर कोड गेला. उरल्या मोजक्या ओळी, ज्यांत स्टॉप कोड आणि शक्य असेल तिथे दोषी ड्रायव्हरचे नाव ठळक दिसते. छायाचित्र काढताना तेवढ्या दोन ओळी स्पष्ट याव्यात.